उंदरांसाठी ठेवलेला भात

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते अंबुजाबाईंचं. आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्यांना ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील अडत बाजारात पोती वाहायचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. दोन हजार सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत चेन्नईला, अंबत्तूरच्या एका लहान कारखान्यात, पंपाचे सुटे भाग तपासायची नोकरी लागली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. कारखान्यातल्या कुणी सांगितलं, जवळच एक मराठी बाई गच्चीवरची खोली देतात.

त्याच अंबुजाबाई. तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ, आणि हेल पुरता तमिळ — पहिल्या दिवशी मला निम्मीच कळली. मी त्यांना ‘मावशी’ म्हणालो, तर म्हणाल्या, “आणिक एकदा म्हण की.” त्या गल्लीत त्यांना मावशी म्हणणारं कुणी नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात मला कावीळ झाली, तेव्हा माझ्या आईनं केलं असतं ते सगळं या बाईंनी केलं. पथ्याचं रांधलं, अंग पुसलं, उलटी काढली. भाडेकरूसाठी कोण एवढं करतं?

आता कावळ्यांचं सांगायला हवं.

आमच्याकडे कावळ्याची वाट बघतात ती पिंडाच्या वेळी. तिकडे रोज. भात झाला की पहिली मूठ, वर तूप, गच्चीच्या कठड्यावर. कावळ्यानं चोच लावल्याशिवाय मावशी जेवत नसत. गेलेली माणसं येतात, असं त्या मानत. एक कावळा तर अगदी त्यांच्या हाताजवळ येई. तो आपला नवराच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्याला सगळं सांगत — पाणी आलं नाही, मुलाचा फोन आला नाही, वांगी काय महाग झाली. एकदा तो भात टाकून उडाला, तर मागून ओरडल्या, “जा, जा! जिवंत होता तेव्हा तरी कुठं पुरतं ऐकत होता!” मी खोलीतून हसत होतो.

मग उंदीर झाले. हे काम आपलं, असं मला वाटलं. धान्याच्या गोदामात लहानाचा मोठा झालेला मी. अंगणात माती उकरून ढीग घातला होता ती घूस. न्हाणीघराच्या मोरीशी उग्र वास यायचा ती चिचुंद्री — तिला तिकडे गणपतीचं वाहन मानतात, तिच्या वाटेला जायचं नाही. आणि माझ्या खोलीच्या फळीवर टोकदार लेंड्या पडायच्या, ते मात्र मोठे घरउंदीर, तारेवरून चालत येणारे. मी हे सगळं ऐटीत सांगितलं. मावशींनी पिंजरा काढून दिला, आत डाळीचा वडा अडकवला. सापडलेला उंदीर मी रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत सोडून यायचो. परत येतात ते, मी म्हणालो. “येऊं देत. पुन्हा नेऊन सोड. तुझे पाय दुखताती काय?”

आणि विष आणायचं नाही, हे त्यांनी मला बजावून सांगितलं होतं. या घरात जीव मारायचा नाही. मी हो म्हटलं होतं. त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं होतं — हे सांगायचं मी टाळत होतो.

एके दिवशी कामावरून आलो तर माझं पदवीचं प्रमाणपत्र कुरतडलेलं. प्लास्टिकच्या पिशवीतून ओढून, एक कोपरा पार चोथा केलेला. तुम्हाला हसू येईल. कागदच तो, दुसरा मिळतो. पण आमच्या घरात असा कागद कधी आला नव्हता. वडिलांनी तो दोन्ही हातांनी धरला होता, घडी पडेल म्हणून. मी त्याच पावली दुकानात गेलो आणि उंदराच्या औषधाची पुडी आणली.

जेवायला बसलो, तेव्हा मावशींनी वाढलेल्या भातातला एक गोळा मी ताटात मागे ठेवला. तूप घातलेला. तो वर नेला, पुडी कालवली, फळीवर ठेवला. तुपाचा वास उंदराला ओढतो, हे मला ठाऊक होतं. उंदीर खाणं पळवून दुसरीकडे नेऊन खातो — हेही ठाऊक होतं. गोदामात रोज बघितलेलं. मग कसं सुचलं नाही? रागात होतो, एवढंच म्हणता येईल, आणि ते काही उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींना ताप होता. ताजा भात टाकायचं त्राण नव्हतं. आदल्या दिवशीचा उरलेला होता, त्यातलाच घास त्यांनी कठड्यावर ठेवला. आंघोळही केली नव्हती. थोड्या वेळानं त्यांची हाक आली. हाक नव्हे — मी तो आवाज कसा सांगू? गच्चीत तो कावळा पडला होता, पंख पसरून. चोचीला भाताची शितं.

शेजारच्या बाई वर आल्या. त्यांनी तमिळमध्ये विचारलं, शिळं घातलंत का? मावशींनी ‘हो’ म्हणून मान हलवली. आंघोळ न करता? पुन्हा मान हलवली. एवढं तमिळ मला तोवर कळत होतं.

मी खोलीत गेलो. फळीवरचा गोळा नव्हता. शितांची ओळ खिडकीतून बाहेर, कठड्याच्या मागच्या बाजूपर्यंत गेली होती. अर्धा गोळा तिथेच पडला होता, चोचीनं टोचलेला. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी काय केलं? तो गोळा कागदात गुंडाळला. बादलीभर पाणी आणून कठडा धुतला. मावशींना वाटलं, आपल्याला बघवत नाही म्हणून मी धुतोय. “कण्णा, लेकरा, तू होतास म्हणून,” म्हणाल्या. आणि मी ते ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून त्यांनी कावळ्यांना घास ठेवणं बंद केलं. आपल्या हातचं खाऊन मेला, आता कुठल्या हातानं ठेवू? स्वतः भात सोडला. गव्हाच्या रव्याची पेज तेवढी घ्यायच्या. तिकडच्या बाईनं भात सोडणं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. जेवणाच्या वेळेला कावळे कठड्यावर यायचे, ओरडायचे. मावशी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायच्या. गच्चीवर येणं थांबलं. बोलणंही — कारण त्यांचं निम्मं बोलणं त्या कावळ्याशीच असायचं.

या सगळ्यात मी त्यांच्या घरात राहत होतो. रोज भात खात होतो. त्या मला वाढत होत्या. रोज वाटायचं, आज सांगू. त्या मला घराबाहेर काढतील म्हणून गप्प राहिलो का? नाही. त्यांनी काढलं नसतं. मला त्यांच्या डोळ्यांतला मी जायला नको होता. गावाकडचा, शिकलेला, चांगला मुलगा.

पुढे पुण्यात नोकरी मिळाली. निघताना पाया पडलो, तेव्हा त्यांच्या पावलांची हाडं दिसत होती.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, “तू शिकलेला. खरं सांग. शिळ्या भातानं कावळा मरतो काय?”

नीट ऐकू येत नाही, पत्र लिहितो, असं मी म्हणालो. ऐकू अगदी स्वच्छ येत होतं. त्या रोज स्तोत्रांची पोथी वाचत, देवनागरी त्यांना येत होती. मी चांगला कागद आणला, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पाठवलं. ते पत्र मला पाठ आहे.

तीर्थस्वरूप मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.
मी इकडे खुशाल आहे. खोली चांगली मिळाली आहे. तुम्ही फोनवर विचारलंत त्याचा मी पुष्कळ विचार केला. तेव्हा उकाडा फार होता. अशा दिवसांत उरलेला भात विटतो आणि पाखराचं पोट नाजूक असतं. तसं झालं असेल. पण तुम्ही तापात होता. तुमच्या हातून ते नकळत घडलं, आणि जाणूनबुजून न केलेल्या गोष्टीचं पाप लागत नाही. तेव्हा मनाला लावून घेऊ नका. झालं त्याबद्दल तुम्हाला कुणीही दोष देणार नाही. निदान मी तरी देत नाही.
तुमचा,
दत्ता