तिसऱ्या विहिरीचं नाव

दावीदभाऊंना शेवटचं पाहिलं ते मोहफुलांच्या दिवसांत. अंगात सणसणून ताप होता, तरी खाटेवर उठून बसले. "मास्तर, विहिरीले झरा लागला का?" "अजून नाही, भाऊ," मी म्हणालो. ते पुन्हा आडवे झाले, आणि त्याच आठवड्यात गेले...

सिरोंच्याकडच्या त्या गावात मी शाळामास्तर, ते ख्रिस्ती वस्तीचे उपदेशक. एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून ते हिब्रू शिकले होते. बायबलातल्या गावांची नावं अशी उलगडायचे, की ती गावं आलापल्लीच्या वाटेवरच असावीत. बेथेल म्हणजे देवाचं घर. मारा म्हणजे कडू, कारण तिथलं पाणी पिववेना. मी चिडवायचो, "भाऊ, आपल्या वस्तीलाही एखादं नाव काढा की." ते म्हणत, "नाव आदी नाई ठेवाचं, मास्तर. तिथी का घडते ते पाहाचं, मंग ठेवाचं."

वस्तीला पाणी नव्हतं. बायका पार नदीपर्यंत जात. भाऊंनी माणसं जमवून विहीर खणली, तर पाणी लागताच वरच्या मोहल्ल्यातल्या शेतकऱ्यांनी जागा आपली म्हणून ती बळकावली. भाऊ भांडले नाहीत. बायबलातल्या इसहाकानंही आपल्या विहिरी अशाच सोडून दिल्या होत्या म्हणाले, आणि त्याच्यासारखंच विहिरीचं नाव ठेवलं एसेक, म्हणजे भांडण. दुसरीही तशीच गेली. ती सितना, म्हणजे वैर. माझं डोकं फिरलं. "असे किती दिवस हरणार तुम्ही?"

"तिसरीवर कोनी भांडलं नाई, तं तिले रहोबोथ म्हनू. म्हंजे ऐसपैस जागा. सगळ्याइले पुरते अशी."

ती तिसरी त्यांनी मुरमाड माळावर खणायला घेतली, आणि त्यातच तापानं धरलं. ते गेल्यावरही माणसांनी काम सोडलं नाही. पाणी लागलं. सगळे रहोबोथ, रहोबोथ म्हणू लागले, तेव्हा भाऊंच्या पत्नी मार्थाबाई एवढंच म्हणाल्या, "थांबा. आताच नोका ठेवू." मला त्यांचा राग आला. माणूस ज्यासाठी झिजला, ते नाव द्यायलाही नको?

परवा भर उन्हात वरच्या मोहल्ल्यातली एक बाई घागर घेऊन आली. त्यांच्याकडच्या दोन्ही विहिरी आटल्या होत्या. ती लांबच उभी राहिली. मार्थाबाईंनी आपला दोर तिच्यापुढे धरला. "काऊन उभी रायली बाई? ये, भर."

घागर भरून ती गेली. मार्थाबाई तिथंच काठावर बसल्या आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हंबरडा फोडून रडल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मास्तर, ठेवा आता नाव."