डिकीतला बॉयलर

"पैल्या फेरीला वैनीस्नी मागं बसवूया. नवी नवरी बसलीय म्हटल्यावर गाडीला कोण भिणार?"

हे वाक्य माझ्या कानासाठी नव्हतं. मी चहाचा ट्रे घेऊन वर्कशॉपच्या दाराशी पोचले होते, तेवढ्यात ह्यांचे मित्र शामराव आत बोलून गेले. थोरले भावजी हसले. आमचे हे खाली बघून नट आवळत राहिले. मी तशीच परत फिरले, चहा पुन्हा तापवला आणि जरा जोरात खोकून आत गेले.

मी मूळची कमी बोलणारी. चंदगडकडच्या खेड्यातली आहे म्हणून लाजते, असं सासरी शिवाजी पेठेत सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. गप्प सुनेसमोर माणसं भिंतीसमोर बोलावं तशी बोलतात, मग किस्से जमायला कितीसा वेळ लागतो? पाहुण्यांत सांगितले की सगळे पोट धरून हसतात. मला मात्र अजून हसू येत नाही.

*

पेट्रोल महागलं तेव्हा तिघांनी ठरवलं, मोटार वाफेवर चालवायची. घरामागे आमचं छोटं वर्कशॉप, ऑईल इंजिनांच्या दुरुस्तीचं. भंगारातून एक जुनी मोटार आली. तिच्या डिकीत बसवायला पत्र्याचा बॉयलर घरीच वेल्डिंग करून झाला. आता नारळ फोडायचा. दगड शोधायला कोण जाणार? शामरावांनी नारळ बॉयलरवरच हाणला.

नारळ शाबूत राहिला. बॉयलरचा जोड उकलला!

"आत्ताच कळलं ते बरं झालं की," भावजी म्हणाले आणि त्याच जोडावर पुन्हा वेल्डिंग मारलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या नारळाची चटणी केली. बॉयलर डिकीत चढला तेव्हा मी बघून ठेवलं. तो जोड मागच्या सीटच्या बरोबर पाठीशी आला होता.

*

जादा वाफ बाहेर पडावी म्हणून बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह होता. तो उडाला की असा किंचाळायचा की शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला. तुमची ती आगगाडी बंद करा, नाहीतर उद्यापासून दूध दुसरीकडं बघा, असं शेजारच्या काकू दारात उभ्या राहून सुनावून गेल्या. भावजींनी लगेच तालमीतनं एक डंबेल आणलं आणि व्हॉल्व्हच्या दांडीला टांगलं.

किंचाळणं थांबलं. म्हैस धार देऊ लागली. काकूंनी वाटीभर लोणी पाठवलं. सगळं घर खूश.

जेवण वाढता वाढता मी ह्यांना हळूच विचारलं, मग आता ती वाफ कुठून जाते?

"जाती की कुठनंतरी," हे म्हणाले. आमटी संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

*

प्रेशरच्या मीटरवर लाल रेघ होती. काटा तिथं आला की आग कमी करायची. पण तेवढ्या वाफेवर गाडी जागची हलेना. शामरावांनी जाऊबाईंची नेलपॉलिश मागून नेली आणि रेघ थोडी पुढं काढली.

त्या दिवशी गाडी परसाच्या दारापर्यंत गेली. पेढे वाटले. जाऊबाई एवढंच म्हणाल्या की बाटली तेवढी परत द्या.

*

आणि मग तो दिवस आला. शाहूपुरीतले एक व्यापारी भागीदार व्हायला तयार होते, पण गाडी पळताना बघितल्यावरच. गावाबाहेरच्या माळावर जायचं ठरलं. तिथवर गाडी बैल जोडून नेली.

जाऊबाईंनी मला शालू नेसवला, गजरा माळला. मग त्यांनी देवाला नारळ बोलला. हे स्टिअरिंगवर बसले. मला मागं बसवून भावजींनी दार लावलं. ते दार आतून उघडत नाही, हे मला बसल्यावर कळलं.

आग पेटली. माझी पाठ भाजू लागली. मागं पत्रा टणटण वाजायला लागला. गर्दी जरा मागं सारतो म्हणत शामराव लिंबाच्या झाडापर्यंत गेले. त्या व्यापारी पावण्यांना गाडी आख्खी दिसावी म्हणून भावजी त्यांना घेऊन त्याच्याही पलीकडं गेले. ह्यांनी आरशातनं माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण ते उघडणार नव्हते. थोरल्या भावापुढं ते कधीच उघडले नव्हते.

मी काच खाली केली. माझा एवढा मोठा आवाज सासरी तोवर कुणी ऐकला नव्हता. मीसुद्धा नाही.

"भावजी, शामभावजी, लांब कशाला उभं राहिलाय? या की बसायला. माझ्या दोन्ही अंगाला जागा हाय. आणि पावण्यांनाबी आणा, पुढची सीट मोकळीच हाय."