उरावर दगड नको

आयव्ही थ्वेटचा नवरा क्लिफर्ड यॉर्कशायरच्या आमच्या डोंगरातल्या खाणीत चाळीस वर्षं दगड फोडत होता. त्या दगडाच्या धुळीनंच शेवटी त्याचा जीव घेतला. अखेरचे दोन हिवाळे तो खुर्चीत बसूनच झोपला. छातीवर पांघरुणाचं ओझंसुद्धा त्याला सोसायचं नाही.

आमच्या चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर इथल्या दगडाखेरीज काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. मी आयव्हीची शेजारीण. तिनं मला स्वच्छ सांगितलं, की त्याच्या उरावर ती आता दगड ठेवणार नाही, फुलझाडांचं हलकं कुंड ठेवणार. म्हातारीचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तसली दगडासारखी दिसणारी कुंडं आमच्याकडे पुष्कळ जण परसात करतात. एक माप सिमेंट, एक माप वाळू, दोन मापं दलदलीतली काळी भुसभुशीत माती. थोरल्या खोक्यात धाकटं खोकं ठेवायचं आणि मधल्या फटीत तो ओला गोळा दाबून बसवायचा. पहिल्या खेपेला तिच्या हातून वाळू जास्त पडली. आठ दिवसांनी उचलून पाहिलं, तर जड. तिनं हातोडा आणला आणि त्याचे तुकडे केले. रडू मला आलं, तिला नाही.

दुसरं साधलं. महिनाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवलं, तारेच्या ब्रशनं खरवडलं, वरून ताक फासलं. हिवाळा सरेपर्यंत त्यावर शेवाळ धरलं आणि ते शंभर वर्षांच्या दगडासारखं दिसू लागलं. त्यात कपारीतली जांभळी फुलं लावून आम्ही दोघींनी ते थडग्यावर नेऊन ठेवलं.

कुणीतरी चुगली केलीच. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चचा कारभारी हर्बर्ट रॅस्ट्रिक तपासायला आला. तोही खाणीतलाच, क्लिफर्डचा जोडीदार. आवारातला तेवढासा चढ चढताना दम लागून तीनदा थांबला. पण नियमाला असा पक्का, की सख्ख्या भावाच्या थडग्यावरचा संगमरवर त्यानं काढायला लावला होता. आयव्ही ताठ उभी होती. कुंड हलवावं लागलं असतं तर ती खचलीच असती.

हर्बर्टनं काठावरून अंगठा फिरवला. जन्म दगडात गेलेल्याला काय कळायचं राहतंय? मग त्यानं काठाखाली हात घातले. दगडाला पहार लागली असती. याची एक बाजू सहज वर आली. त्यानं ती हळूच खाली टेकवली आणि धापा टाकत खिशातून थडग्यांच्या नोंदीची वही काढली.

"कुठल्या खाणीतला म्हणून लिहू?"

"दगड नाही तो, हर्बर्ट," आयव्ही म्हणाली. "त्याला झेपेल एवढंच ओझं ठेवलंय."

"मी दगडच लिहितो." तो खाली बघत होता. "आयव्ही, हात चालतायत तोवर माझ्यासाठीही एक करून ठेव. जमलं तर याहून हलकं."