पानथरीवरचे डाग

पौषातली थंडी अशी की पहाटे मोटेचा नाडा काठीसारखा ताठ व्हायचा. महिपती तो तळहातांनी चोळून मऊ करायचा, मगच बैल विहिरीच्या उतरत्या धावेवर घ्यायचा. सोलापूरच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा. तो मोट हाकायचा, आई सोनाबाई वाफ्यांत दारं धरायची, आणि उन्हं वर आली की पाटी डोक्यावर घेऊन शुक्रवार पेठेत मेथी-वांगी विकायला जायची.

महिपती पाळण्यात असताना बाप बसऱ्याच्या लढाईत गेला, तो तिकडंच राहिला. घरात त्याची खूण एकच, पलटणीचा पितळी बिल्ला. एकोणिसावं लागल्यापासून महिपतीनं एकच धोशा लावला होता, बाच्या पलटणीत जायचं.

भरतीवाले आले. पळण्यात तो पहिला, छाती फुगवण्यात पहिला. मग डॉक्टरनं सदरा काढायला लावला. डाव्या बरगडीखाली चिंचोक्याएवढे तीन डाग.

"पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली असणार. उगाच कोण डागतंय?" असं म्हणत त्यानं पोटाला हातही न लावता शिक्का मारला. अनफिट.

डाग सोनाबाईनंच दिलेले. दीड वर्षाच्या पोराचा ताप हटेना, पानथरी वाढून पोटाचा नगारा झाला, तेव्हा तिनं हळकुंड दिव्यावर तापवून तीनदा टेकवलं होतं. बाप तेव्हा जिवंत होता. तो आला तर त्याला काय दाखवू, ही एकच भीती तिला. पोर जगलं. दाखवायला बापच उरला नाही.

बापाबरोबर पलटणीत असलेले रामहरी हवालदार पेन्शन घेऊन पेठेत राहायचे. अपिलाचा अर्ज त्यांनी लिहून दिला.

"बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग हाय म्हून बाजारातनं त्येला कुनी माघारी धाडतंय व्हय?" ते म्हणाले. "मोठ्या डाक्तराला पोट दाबून बघाया लाव. पर अपील एकदाच, ध्येनात ठेव."

बोलावणं आलं. तारखेला वीस दिवस होते. त्या दुपारी सोनाबाई बिब्बा घेऊन पुढ्यात बसली.

"आरं, डागच दिसलं न्हाईत तर?"

"डाग कुटं जात्यात व्हय, आये?"

"बिब्ब्यानं वरची कातडी निघती, खालनं नवी येती. पंधरा दिसांत लोन्यावानी व्हतंय बघ."

"आन उतलं म्हंजी?"

"मला शिकवतो व्हय रं? ह्याच हातानं जगवलाय तुला."

महिपती सदरा वर करून आडवा झाला.

बिब्बा उतला. तीन डागांचा मिळून तळहाताएवढा फोड आला, फुटला, चिघळला. खोबरेल झालं, हळद झाली. तारीख आली तरी जखम ओलीच.

हा डॉक्टर म्हातारा होता. त्यानं महिपतीला निजवलं, जखम चुकवून बरगडीखाली बोटं खुपसली, श्वास घ्यायला लावला, पुन्हा दाबलं.

"पानथरी हाताला लागतसुद्धा नाही. पोट उत्तम आहे तुझं."

महिपतीनं डोळे मिटले.

"पण हे काय करून घेतलंस? नुसते जुने डाग असते तर आत्ता सही केली असती. असली जखम घेऊन पलटणीत कसा धाडू तुला?"

"आट दिस थांबा की, सायेब. भरंल ती."

"अपील एकदाच असतं, बाळ." म्हाताऱ्यानं मान खाली घालून कागदावर लिहिलं.

बाहेर लिंबाखाली सोनाबाई भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन बसली होती. त्याला बघताच उठली.

"काय म्हनला रं?"

महिपतीनं सदऱ्याची गुंडी लावली.

"छाती कमी भरली."

"छाती?" तिनं त्याच्या रुंद छातीकडं बघितलं. म्हणाली, "तुला ल्हानपनी माजं दूद पुरलं न्हाई. त्याचंच ह्ये."

"न्हाय गं. सायबाची टेपच आखूड व्हती."

ती हसली नाही. सदऱ्याला डाव्या बाजूला ओला डाग उमटला होता, तिथं तिची नजर थांबली. मग तिनं गठुडं सोडून भाकरी त्याच्या हातावर ठेवली. दोघांनी ती उभ्यानंच खाल्ली आणि वेशीची वाट धरली.

दुसऱ्या पहाटे नाडा तसाच ताठ. महिपतीनं तो चोळला, बैल जुंपले, डावं कोपर अंगाशी धरून धावेवरून उतरला. मोट भदाभद थारोळ्यात रिकामी झाली. खालच्या अंगाला अंधारात आई खोरं घेऊन नुसतीच उभी दिसली.

"आये, वांग्याचं दार फोड की! पानी वाया चाललंय," त्यानं हाळी दिली, आणि बैल माघारी घेतले.