गुरुवारचे म्हातारे

सून म्हणाली, "आप्पा, दवाखान्याचे किस्से रोज आम्हालाच ऐकवता, एकदा लिहून काढा की." शाळा मी चौथीतच सोडली. पण किस्से माळ्यावरच्या रद्दीसारखे असतात. साठत जातात, आणि एक दिवस डोक्यावर पडतात. म्हणून लिहितोय.

सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांना म्हातारी माणसं कशी तपासायची ते शिकवतात. शिकायला म्हातारे लागतात. आम्ही पाच जण दर गुरुवारी जायचो. मी आणि नरसय्या त्यातलेच. चादरीच्या कारखान्यात आमचे माग शेजारी-शेजारी, सगळी उमर तिथंच गेली.

•

पहिल्याच दिवशी एक डॉक्टर माझ्या कानाशी येऊन बोंबलला, "आ-जो-बा! जे-व-लात का!"

म्हटलं, "जेवलो. तू काय स्टँडवर वैरागची गाडी पुकारतोयस का?"

"सॉरी. वय झालं की ऐकू येत नाही ना, म्हणून."

"आमचे कान मागाच्या खडखडाटानं गेलेत. कारखान्यात कोण वरडत न्हवतं. समोर उभं ऱ्हायचं, सावकाश बोलायचं. आमी ओठ वाचतो."

त्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या गुरुवारी मास्क लावून आला!

•

नरसय्याला त्याचा मुलगा श्रीनिवास घेऊन यायचा. एक डॉक्टरीण पोरगी नरसय्याचा हात धरायची आणि विचारायची श्रीनिवासला. "बाबांना झोप लागते? भूक लागते? पोट साफ होतं?"

श्रीनिवास मोबाईलातून मान वर न काढता, "हो हो, सगळं ओके."

मी म्हणालो, "अगं ताई, पोट कुणाचं हाय? त्यालाच इचार की!"

त्यांच्या शिकवणाऱ्या म्याडम खूश झाल्या. "बघा, आजचा सगळ्यात महत्त्वाचा धडा!" पोरीनं मान डोलावली, आणि पुढचा प्रश्न विचारला. श्रीनिवासला!

•

चालायची एक टेस्ट असते. खुर्चीतून उठायचं, चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. डॉक्टर घड्याळ लावून वेळ बघतो. आमच्यातली करकंबची गंगूबाई उठली, चालली, आणि वळलीच नाही. दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, रिक्षात बसून लेकीच्या घरी!

डॉक्टर घड्याळाकडेच बघतोय. म्याडमना म्हणतो, "पेशंट फारच स्लो आहे."

•

आता मेमरीची टेस्ट. तीन शब्द सांगतात, मधे इकडचं-तिकडचं बोलतात, मग विचारतात, ते शब्द कोणते? सफरचंद, टेबल, किल्ली. दर गुरुवारी हेच! एकाच कागदाची झेरॉक्स काढून काढून पुसट झालेली, पण शब्द काही बदलले नाहीत. आम्हाला पाढ्यासारखे पाठ. डॉक्टरनं तोंड उघडायच्या आत नरसय्या ताठ बसून म्हणायचा, "सफरचंद, टेबल, किल्ली!"

पोरं टाळ्या वाजवायची. "एक्सलंट, बाबा!" नरसय्या लाजायचा. कारखान्यात त्याच्यासाठी कोण टाळी वाजवणार होतं?

•

एकदा चहा पिता पिता नरसय्या मला म्हणाला, "मारत्या, ऊठ लवकर, दुसरी पाळी लागंल." कारखाना बंद पडून जमाना झाला. वाटलं, थट्टा करतोय.

मग भर दुपारी नवी पेठेत दिसला. सोन्याच्या दुकानापुढं नुसताच उभा. मला म्हणाला, "माझं घर कुटल्या बाजूला रं?" त्याच रस्त्यावर जन्म गेला त्याचा!

श्रीनिवासला सांगितलं. तो म्हणाला, "काका, रिपोर्ट नॉर्मल आहे की."

म्याडमना सांगितलं. त्यांनी पोरांना सांगितलं, परत टेस्ट घ्या. पोरांनी घेतली. कागद तोच! नरसय्यानं धडाधड सांगितलं. एक पोरगा मला म्हणाला, "फुल मार्क! काका, आमच्यापेक्षा बरी मेमरी आहे यांची."

"अरं, पाठ केलंय त्यानं! शब्द बदला की!"

"नाही बदलता येत हो. फॉरमॅट वरून आलाय."

वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

•

गेल्या महिन्यात नरसय्या हरवला. दोन दिवस श्रीनिवासनं सगळं सोलापूर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, अक्कलकोटच्या स्टँडवर एक म्हातारा बसलाय, येऊन बघा. आम्ही दोघं धावत गेलो.

तिथला हवालदार भला माणूस. चहा पाजला होता, अंगावर टॉवेल घातला होता. म्हणाला, "मराठीत विचारलं, कानडीत विचारलं. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत."

श्रीनिवास हवालदारालाच विचारायला लागला, "काही खाल्लं का यांनी? झोपले का?"

मी नरसय्याच्या समोर बसलो. ओरडलो नाही. त्याला माझे ओठ दिसतील असं सावकाश म्हणालो, "नरसय्या, मी कोण हाय?"

त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं. मग एकदम ताठ बसला, हसला.

"सफरचंद, टेबल, किल्ली!"

आणि टाळीसाठी माझ्या हातांकडं बघत राहिला.