आजीच्या अंघोळीची वेळ

सत्काराची शाल संस्थेच्या ताईंच्या खांद्यावर पडली तेव्हा नारळाचं ताट माझ्या हातात होतं. सोलापुरातलं मोठं सभागृह. हार, टाळ्या. पाहुण्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "या कोण?"

ताई हसल्या. "आमच्याकडं कामाला असते."

मी कामाला नव्हते. वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना मी अंघोळ घालते, जखमा धुते. मला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंची संस्था नंतर आली. "तू माझी धाकटी बहीण," असं म्हणाल्या, आणि मी हुरळून बिनपगारी त्यांच्या संस्थेत गेले. आमच्या घरात त्यांनी कधी घोटभर पाणी घेतलं नाही, बाटली घरून आणायच्या. तेही मी पोटात घातलं. एवढी मोठी, वरच्या जातीची बाई आपल्या दारात येते, याचंच मला अप्रूप. केसानं गळा कापला तिनं.

त्या दिवशी सभागृहात ताई माइकवर म्हणाल्या, "या हातांनी मी आज्यांच्या जखमा धुतल्या." मी त्या हातांकडं बघत राहिले. एकाही आजीच्या अंगाला ते लागले नव्हते.

त्याच आठवड्यात त्या कॅमेरावाला घेऊन वस्तीत आल्या. मी लुगड्याचा पडदा बांधून शेजारच्या आजीला अंघोळ घालत होते. आमच्यात हा पडदा बांधला की पोटचा लेकही आत डोकावत नाही. ताईंनी तो सरळ बाजूला सारला.

"रागावलीस होय? व्हिडिओत तुझं नाव टाकू. सगळं सोलापूर ओळखेल तुला. तांब्या तेवढा माझ्याकडं दे."

नाव कुणाला नको असतं? मलाही हवं होतं. पण आजीनं दोन्ही हात छातीवर धरले.

"पोरी, झाक की गं मला."

मी पडदा ओढला. "बाहेर व्हा," म्हणाले.

"संस्थेतून काढून टाकीन."

"काढा की."

जाताना वस्तीभर सांगत गेल्या, हिच्या डोक्यात हवा गेलीय. मी रडले. दुःखानं कमी, संतापानं जास्त. रडत रडतच आजीची पाठ पुसली, तिला कोरडं पातळ नेसवलं. ती शांत झोपली. माझं नाव कुठंच आलं नव्हतं, आणि माझं काहीच अडलं नव्हतं.

मी कशी आहे हे मला टाळ्या सांगणार नाहीत. त्या म्हातारीच्या अंगाला हात लावते तेव्हा माझं मला कळतं. उद्या कुणीही येऊ दे, कितीही मोठं. माझ्या माणसांच्या उघड्या अंगावर मी कुणाला मोठं होऊ देणार नाही. स्वतःलासुद्धा नाही.