पैशाची गोष्ट हिंदीत

माझे यजमान मधुकर माझ्याशी हिंदीत बोलले, तेव्हाच मी समजले की आता काही खरं नाही.

जबलपूरच्या त्या दवाखान्यात त्यांनी सुई लावलेला हात किंचित उचलून मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सुनो... बरसी तक कहीं दस्तखत मत करना. कोई कितना भी अपना हो." लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी हिंदीत एक शब्द बोलला नव्हता. आम्ही भांडलो तेही मराठीत. त्यामुळे हे कोणाच्या वर्षश्राद्धाबद्दल बोलत आहेत हे डोक्यात शिरायच्या आधी त्या हिंदीनंच मला घाम फुटला. रडू येत होतं, पण हिंदीत सांगितलेल्या गोष्टीवर रडायचं कसं? मी नुसतं "जी" म्हटलं आणि पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर गेले. त्याला आता काही आठवडे झाले, आणि तो घाम अजून वाळलेला नाही.

यांचं हिंदीचं प्रकरण सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. जबलपुरातल्याच गोरखपूर बाजारामागच्या आमच्या घरात मराठीचा कडक कायदा होता. आमची मुक्ता लहानपणी शाळेतून आली की "पप्पा, पानी दे दो" म्हणायची, तर हे पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. "पाणी द्या" म्हटलं की लगेच उठायचे. पण पैशाची गोष्ट निघाली रे निघाली, की हेच गृहस्थ सोफ्यावरून उठायचे, दाराआडची लोखंडी घडीची खुर्ची खाडकन उघडून तिच्यावर ताठ बसायचे आणि हिंदी सुरू करायचे. समोर कोणी का असेना! यांचे सख्खे धाकटे भाऊ, विनूभाऊजी, बँकेच्या कर्जाला जामीन राहा म्हणून आले होते. मी आत पोहे परतत होते. बाहेर दोघं भाऊ लहानपणच्या आठवणी काढून हसत होते आणि एकदम खुर्ची वाजली. "देखो विनोद, जमानत मैं नहीं दूँगा. तुम्हारी बच्ची की फीस जितनी मदद कर सकता हूँ, वो ले जाओ, लौटाना मत." भाऊजी पोहे न खाता गेले. मी यांच्यावर अशी उखडले म्हणता! "काहून असं करता हो? घरच्या माणसाशी असं कोर्टासारखं बोलतात का?" तर म्हणाले, "मराठीत मला नाही म्हणता येत नाही गं. जीभच वळत नाही."

त्याचं कारण मला पुढं कळलं. माझे सासरे अमरावतीकडून नोकरीसाठी इथं आले. परक्या गावात कोणी मराठी बोललं की त्यांना भरून यायचं. असाच एक गृहस्थ घरी येऊ लागला, सणावाराला जेवायला बसू लागला, आणि त्यानं सोसायटीतला एक प्लॉट सासऱ्यांना देऊ केला. सासऱ्यांनी होतं नव्हतं ते दिलं. कागद मागितला नाही, पावती मागितली नाही, जागेचा मालक कोण हेही विचारलं नाही. आपल्या माणसाला कसं विचारायचं? प्लॉट निघाला नाल्यात, आणि तोही आणखी चौघांना विकलेला. यांचं सगळं लहानपण इथल्याच घमापूर वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत गेलं. "भीड भिकेची बहीण," हे म्हणायचे, "आणि आपली भीड मराठीत राहते. बाबा हिंदीत बोलले असते, तर त्यांनी कागद मागितला असता."

आमचं घर घेताना यांनी मला रडकुंडीला आणलं होतं. भर पावसात स्कूटरवरून जागा दाखवायला नेलं. म्हणे, उन्हात सगळेच प्लॉट चांगले दिसतात, पाणी कुठं साचतं ते आता बघ. विकणाऱ्याला सोडून शेजाऱ्यांना विचारत बसले, की भैया, इस जगह का कोई झगड़ा तो नहीं? वकील विकणाऱ्यानं सुचवलेला नको, आपला पाहिजे. टोकन रोख नको, चेकनं पाहिजे. आणि कोणी "आजच द्या, उद्या भाव वाढेल" म्हणालं की हे चपला घालायचे. गुंतवणुकीचंही तेच. जी योजना मुक्ताला समजावून सांगता येत नाही तिच्यात पैसा टाकायचा नाही, सगळा पैसा एका ठिकाणी ठेवायचा नाही, आणि आत टाकायच्या आधी बाहेर कसा काढायचा ते विचारायचं. मी कंटाळून म्हणायचे, "पुरे हो तुमचं, तुम्ही आहात नं बघायला!"

आता ते नाहीत बघायला. यांच्या फंडाचा सगळा पैसा माझ्या एकटीच्या नावावर आला आहे, आणि त्याच्यावरच मला उरलेलं आयुष्य काढायचं आहे. मुक्ता दूर बंगळुरात. मला खरंच फार भीती वाटते. फोनवर बँकेचा मेसेज वाजला की मी फोन उशीखाली सारते. दाराची घंटी वाजली की आधी खिडकीतून बघते. तेरवीच्या पंगतीतच एकानं विचारलं होतं, "वहिनी, पैशाचं काय ठरवलं?" वाढणारीच्या हातातली कढी हिंदकळली... ती वाढणारी मीच होते.

आणि मग गेल्या आठवड्यात शरदभाऊजी आले. यांचे लांबचे चुलतभाऊ, नागपूरचे, हल्ली इथंच जमिनीची कामं करतात. येताना संत्र्याची बर्फी आणली, यांच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले. सोफ्यावर माझ्या शेजारी बसून किती गोड बोलत होते! इतक्या दिवसांत घरात पुरुषाचं मराठी ऐकलं नव्हतं. मला तर वाटलं, बोलत राहावं यांनी नुसतं. "वहिनी, तुम्ही काहून चिंता करून राहिल्या? मी आहो नं! बायपासकडे मस्त कॉलनी होऊन राहिली. कोपऱ्याचा प्लॉट तुमच्यासाठी धरून ठेवला. फक्त आज टोकन द्या, उद्यापासून भाव वाढून राहिले."

मी उठले, कपाटातून चेकबुक काढलं, चष्मा लावला. पेनाचं टोपण काढेपर्यंत सगळं बरोबर चाललं आहे असंच वाटत होतं. मग भीती आली. जागा कोणाच्या नावावर आहे, एवढंच विचारायचं होतं, तर तोंडून शब्द फुटेना. "भाऊजी..." म्हटलं आणि पुढं काही नाही. "बोला नं वहिनी," ते प्रेमानं म्हणाले. सासऱ्यांसमोरही तो प्लॉट विकणारा असाच बसला असेल, असंच बोलला असेल... काय झालं ठाऊक नाही, मी दारापाशी गेले, लोखंडी खुर्ची ओढली आणि उघडली. ती खाडकन वाजली. बसले.

"देखिए भैया," माझा आवाज मलाच परका वाटला, "जमीन किसके नाम है? कागज़ की कॉपी दे जाइए, हमारा वकील देखेगा. और बरसी तक मैं कहीं साइन नहीं करूँगी."

भाऊजींचा चेहरा उतरला. "वहिनी, हिंदीत काहून बोलून राहिल्या? मी परका आहो का?"

"नहीं भैया. अपने हो, इसीलिए."

चहा तसाच ठेवून ते गेले. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही. कदाचित प्लॉट चांगला असेल, कदाचित माझंच नुकसान झालं असेल. कागद घेऊन ते अजून आलेले नाहीत, एवढंच सांगते. नातेवाइकांत काय काय बोललं जात असेल याचीही भीती आहेच, ती कुठं जाते! पण चेकबुक कोरं आहे.

दार लावलं, कडी घातली. खुर्ची मिटून दाराआड तिच्या जागी उभी केली. चेकबुक कपाटात ठेवलं. मग सोफ्यावर, हे बसायचे त्या बाजूला, येऊन बसले. दवाखान्यात गिळलेलं सगळं तेव्हा वर आलं. "अहो, बरोबर बोलले नं मी?" एवढं विचारलं, आणि मराठीत रडले.